राईतले रिकामे फोटो

माझं काम सांगितलं की लोक हसतात. कांदिवलीच्या फ्लॅटमध्ये बसून मी जंगलाचे फोटो बघते. सह्याद्रीत, कोकणच्या अंगाला, विजेसाठी बांधलेलं एक धरण आहे. पाणी चढलं तेव्हा डोंगरांचे माथे तेवढे वर राहिले आणि त्यांची बेटं झाली. तिथे आता कोणते प्राणी उरलेत हे बघायला एका संस्थेने झाडांवर आणि जमिनीवर कॅमेरे बांधलेत. समोर काही हललं की फोटो निघतो. मी त्याखाली प्राण्याचं नाव टाकते. बहुतेक वेळा 'रिकामा' हे बटण दाबते, कारण वाऱ्याने फांदी हलली तरी कॅमेऱ्याला तेवढं पुरतं. त्याखालोखाल झिजलेलं बटण उंदराचं.

सुरुवातीला वाईट वाटायचं. आता वाटत नाही. छोट्या बेटांवर भेकर नाही, पिसोरी हे इवलं हरीण नाही, वानरं नाहीत. उंदीर मात्र आमच्या सोसायटीतल्यासारखे गुबगुबीत, कारण त्यांना खाणारं कोणी उरलेलं नाही. मी चहात खारी बुडवत उंदीर नोंदवते आणि पुढचा फोटो उघडते.

माझे बाबा त्याच पाण्याखाली गेलेल्या गावचे. गाव उठलं तेव्हा ते विशीत होते. मुंबईत येऊन गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली, आणि आता घरभर फिरून मी चालू ठेवलेले दिवे बंद करतात. असेच एकदा माझ्या खोलीतला दिवा बंद करायला आले आणि स्क्रीनकडे बघत उभेच राहिले. फोटोच्या कोपऱ्यात एक मोडकी दीपमाळ होती.

"ही आमची राय गो!"

राई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं जंगल. तिथली काटकीसुद्धा कोणी घरी नेत नसे. डोंगरमाथ्यावर होती म्हणून ती बुडाली नाही, याचा बाबांना कोण अभिमान. पुढची गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलीय की बाबा मध्येच चुकले तर मीच त्यांना सांगेन. पाणी चढताना काही माणसं जाळी आणि पिंजरे घेऊन होडीतून आली होती. राईतली जनावरं पकडून पलीकडच्या मोठ्या जंगलात सोडायची होती त्यांना. गावाने देवाला कौल लावला. पाषाणावर फुलं चिकटवली. उजवीकडचं पडलं तर देवाचा होकार, डावीकडचं पडलं तर नकार. डावीकडचं पडलं. मग गावातले तरुण होडीसमोर आडवे उभे राहिले, आणि त्यांत बाबा पुढे. माणसं पिंजरे घेऊन परत गेली.

स्क्रीनवर दीपमाळ दिसली त्या दिवसापासून बाबा रोज संध्याकाळी माझ्या दाराशी यायचे.

"शेकरो गावलो?"

शेकरू, ती लांब शेपटीची तांबूस खार. राईत तिची घरटी होती. ती झाडावरून झाडावर जाते, जमिनीवर उतरायचं टाळते, पाणी ओलांडत नाही. एवढ्याशा बेटावर चार-दोन शेकरू राहिले तर आपापसातच किती पिढ्या काढणार? हे सगळं मला ठाऊक होतं. मी म्हणायचे, "अजून नाही, बाबा. झाडावरच्या कॅमेऱ्याचे फोटो यायचेत."

ते शेवटचे फोटो गेल्या आठवड्यात आले. त्यांतही शेकरू नसला तर त्या बेटापुढे 'नाही' लिहायचं होतं. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. पानं. पानं. उन्हाचा कवडसा. एक धनेश, पण त्याला पंख आहेत, तो कुठूनही येतो. फांदीवर उंदीर. परत उंदीर. एक जुनं घरटं दिसलं, विस्कटलेलं. बाबा पुढे वाकले. पुढच्या सगळ्या फोटोंत ते रिकामंच होतं, हळूहळू गळत गेलेलं.

"संपले," मी म्हटलं.

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण काहीच आलं नाही. खाली कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं, ते मी ऐकत बसले.

"कौल उजवो झालेलो," बाबा म्हणाले.

मी वळून बघितलं.

"देवान न्हेवा म्हणान सांगितल्यान. आमीच आडवे इलंव. जनावरां गेली की गाव गेलोच, असा वाटला आमका. ती आसत तवसर पानी मागे फिरात, असा वाटला."

जन्मभर ऐकलेल्या गोष्टीत देवाने जनावरं नेऊ नका म्हटलं होतं. मी विचारलं, "मग मला कायम डावा का सांगितलात?"

"तुका दुसरा काय सांगतलंय? राय बुडाक नाय, ह्या खरा होता ना."

ते उठले आणि सवयीने दिव्याच्या बटणापर्यंत गेले. हात तिथेच ठेवून उभे राहिले. मी 'नाही' लिहिलं.

"लिवलंस?"

"हो."

त्यांनी दिवा बंद केला. मी अजून खोलीतच होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.