सील लागलं, तरी टोकन पुकारतंय

आमच्या सेलूतल्या पतसंस्थेला दुपारी सील लागलं. सहकार खात्याच्या सहायक निबंधकांनी फोनवर दुजोरा दिला.

मित्रांनो, मी संध्याकाळी तिथं गेलो. जाळीच्या दाराआड अंधार होता. काउंटरवर कोणी नव्हतं, तरी टोकनचं यंत्र इन्व्हर्टरवर एकेक नंबर पुकारत होतं. वर भिंतीवर लेखापरीक्षणाचं 'अ' वर्गाचं प्रमाणपत्र लटकत होतं.

शेजारच्या कमलमावशी सकाळचं टोकन घेऊन उभ्या होत्या. त्यांची ऑपरेशनसाठीची सगळी ठेव आतच आहे.

"मावशी, घरी चला."

"थांब की बाबा, माझा नंबर यायलाय."

आणि तो आला. मावशींनी जाळीतून टोकन आत धरलं. यंत्रानं पुढचा नंबर पुकारला.

संस्थेचा ताबा घ्यायला प्रशासक सोमवारी येणार आहेत. मावशींचं ऑपरेशन त्याआधी, शनिवारी आहे.