साखळीचं दुसरं टोक

पृथ्वी गोल आहे हे आमच्या मोजणीदारकाकांनी केवळ इतरांच्या शब्दाखातर मान्य केलं होतं. कोणी त्यांच्याकडे अर्ज केला असता, तर त्यांनी पृथ्वीभोवती साखळी टाकली असती, दोनदा उलटसुलट फिरून खुणेचे दगड रोवले असते आणि मगच निकाल दिला असता. तोपर्यंत साऱ्या शाळांना भूगोल शिकवणं थांबवावं लागलं असतं. एका लग्नात अंतरपाट डावीकडे चार बोटं झुकलाय म्हणून त्यांनी भटजींना मंगलाष्टकं थांबवायला लावली होती, आणि वरपक्षातल्या एकानेही तोंड उघडलं नव्हतं. काका हे नातं आम्हीच लावलेलं. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त होऊन कुणकेश्वरला राहायला आले होते. त्यांच्या सहीचा नकाशा असला की जिल्ह्याची बँक डोळे मिटून कर्ज देते, असं लोक सांगत.

आम्हाला त्या सहीची फार गरज होती. माझे वडील हायस्कुलात मराठीचे शिक्षक. जन्मभर भाड्याच्या बिऱ्हाडांत काढल्यावर त्यांनी पहिल्यांदाच घर घ्यायचं धाडस केलं होतं. घर चिऱ्यांचं, कौलारू, मागे चार माड आणि एक विहीर. मालकीण विधवा होती, दिवाळीला मुलाकडे मुंबईला जायची होती. दिवाळीपर्यंत पैसे मिळाले नाहीत तर देवगडचा एक व्यापारी रोख घेऊन तयार आहे, असं तिने स्पष्ट सांगितलं होतं. बँक घर गहाण ठेवून घ्यायला राजी होती, पण नकाशाशिवाय कागद पुढे सरकत नव्हता. बँकेची पत्रं इंग्रजीत येत. मी मामाकडे बेळगावला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक पत्राचा अर्थ एकच असे, की अजून थांबा.

आणि काका थांबण्यात वाकबगार. श्रावणात ते म्हणाले, भिजलेली जमीन फुगते. मग चवथ आली, आणि गणपतीत कोकणातला कोणता माणूस काम करतो? भाद्रपद सरला तेव्हा एका सकाळी ते छत्री, सुपारीची पिशवी आणि साखळी घेऊन उगवले. ती तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, रुपयासारखे तिलाही सोळा आणे, प्रत्येक आण्याला पितळी खूण. साडेदहा वाजता त्यांनी ती गुंडाळून ठेवली.

"अहो, आत्ताच तर सुरुवात झाली!" बाबा म्हणाले.

"मास्तर, साखळी तापली काय खोटा बोलता," काका म्हणाले. "घाई कित्याक? जमीन खंय पळान जातली?"

"जमीन नाही हो, मालकीण पळून जाईल!"

काकांनी ते ऐकून घेतलं आणि सुपारी कातरली. पुढचे बारा दिवस ते रोज साडेदहापर्यंतच मोजत राहिले, आणि प्रत्येक बाजू तीन तीनदा. साखळीचं दुसरं टोक धरायला त्यांनी मला उभं केलं. चारचौघांत मला बोलता येत नसे. काका मात्र मला प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणायला लावत. "वाच गो बाय, तुझा इंग्रजी माका नको, खूण कितवी ती सांग." मी सांगे. ते बोटांनी कड्या चाचपत यायचे आणि पुन्हा विचारायचे.

चौथ्या दिवशी दोरीवर वाळत घातलेल्या एका सदऱ्याला त्यांनी "बरे आसास मां?" म्हणून विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. काकांना दिसत नव्हतं. उजेड-अंधार कळत असावा, पण आकडे, खुणा, माणसं नाहीत. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाबांनी दुसरा मोजणीदार शोधला असता आणि दिवाळी उलटून गेली असती. निदान स्वतःला मी हेच कारण दिलं. त्या दिवशी साखळी गुंडाळताना ते हळूच म्हणाले, "तू कमी बोलतस, ता बरा आसा."

सगळं अडलं ते पश्चिमेच्या कोपऱ्यावर. तिथला हद्दीचा दगड कधीच नाहीसा झाला होता. मधला दगड रचून केलेला गडगा तेवढा उभा होता, पण काकांचा गडग्यांवर विश्वास नव्हता. जुने मोजणीवाले दगडाखाली कोळसा पुरत, कारण कोळसा कुजत नाही. काका गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात मातीत घालून शोधू लागले. बाबा येरझाऱ्या घालत होते. तासाभराने काकांनी मूठ वर केली. मुठीत काळे तुकडे होते. तिथून रेघ ओढली तर ती गडग्याच्या अलीकडून, बरोबर विहिरीच्या मधून जात होती. अर्धी विहीर पलीकडच्या शेजारणीची निघाली; तिला सारं गाव काकी म्हणे.

"अहो, गडगा आहे तिथेच रेघ राहू द्या," बाबा काकुळतीला आले. "दिवाळीला नऊ दिवस राहिलेत. घर जाईल माझं!"

"मास्तर, तुमी पोरांका दोन मार्क वाढवन पास करतास. जमिनीक तसा करूक येणा नाय."

गडग्यापलीकडून काकी सगळं ऐकत होती. ती पुढे आली आणि विहिरीत डोकावून पाहत राहिली. "तीस वर्सां मी व्हाळार पाण्याक गेलंय," ती खालच्या ओढ्याकडे हात करून म्हणाली, "आणि अर्धी बाव माझी होती?" मग वर पाहून म्हणाली, "माका बाव नको, मास्तर. माका पाणी होया." त्याच दुपारी विहीर दोन्ही घरांची असा कागद झाला; मालकिणीने सही केली, काकीने अंगठा उठवला. काका सांगत गेले तसा नकाशा मी आखला आणि खाली त्यांनी सही केली. बँकेचा माणूस नवी फीत घेऊन आला, तो नकाशा हातात धरून सगळीकडे फिरला. एका बोटाचाही फरक पडला नाही. वसुबारसेला गहाणखत झालं आणि बाबांच्या हातात किल्ली आली.

मी पेढे घेऊन काकांकडे गेले तेव्हा ते सामान बांधत होते. लेकीकडे सावंतवाडीला निघाले होते. आमची मोजणी त्यांची शेवटची होती.

"काकी पाणी काढता मां?" त्यांनी विचारलं.

"रोज काढते."

त्यांनी पुड्यातला एक पेढा चाचपून उचलला. मग संकोचून, जणू काही उसनं मागावं तसं म्हणाले, "बाय, घर दिसता कसा गो?"

त्या घराचा कोपरा न् कोपरा त्यांच्या बोटांना ठाऊक होता, पण घर त्यांनी पाहिलंच नव्हतं. मी खाली बसले आणि सांगू लागले. चिऱ्यांचा तांबूस रंग, कौलांवर धरलेलं शेवाळ, दारावर कोणीतरी कोरलेला मोर, संध्याकाळी माडांची सावली मागच्या पडवीत कुठपर्यंत येते ते. आयुष्यात मी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. ते मान हलवत ऐकत होते, आणि मी थांबले की म्हणत होते, "मगे?"