लेकीच्या वाट्याचं अंडं

अंडं सोलताना ती त्याच्याकडे बघायचीच नाही. गाडीच्या कडेवर एकदा टिचवायची, अंगठा आत सारायची आणि टरफल सगळंच्या सगळं निघून यायचं. समोर एखादी शाळकरी मुलगी उभी असली की मात्र हात थांबायचा. "तुला नको गं. उष्ण असतं. घाई कशाला?"

गोवंडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिची उकडलेल्या अंड्यांची गाडी होती. तुमच्याही नाक्यावर अशी एखादी बाई असेल, जिचं नाव कुणी विचारत नाही. आम्ही तिला मावशी म्हणायचो. मुलग्यांना ती मीठ-मिरची लावून अंडं द्यायची, मुलींना परत पाठवायची. गिऱ्हाईक हाकलणारी ही एकटीच गाडीवाली, असं म्हणून माझे वडील हसायचे.

घाई कसली, ते मला आईकडून कळलं. मावशी मराठवाड्यातल्या एका खेड्यातली. तिला पाळी फार लवकर आली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. त्या वर्षी घरी भुईमूग खूप आला होता, ती दिवसभर गुळासोबत शेंगदाणे खात हिंडायची. त्यानेच घात केला, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

आता तिच्या नवऱ्याने आपल्या बहिणीला शब्द दिला होता. पोरगी मोठी झाली की तुझ्या मुलाला देईन. लेक तेव्हा सातवीत होती. मावशी नवऱ्याशी भांडली नाही. तिने लेकीच्या ताटातून गूळ, शेंगदाणे, तीळ, मासे आणि अंडी काढून टाकली. पातेलंभर अंडी उकडणाऱ्या बाईची लेक पातळ वरण आणि भात खाऊन शाळेत जायची. गावाहून नणंदेचा फोन यायचा, झाली का मोठी म्हणून. मावशी सांगायची, अजून लहानच आहे हो ताई.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घाटकोपरच्या कॉलेजात आम्हाला आहारशास्त्र होतं. वाढत्या वयात मुलीला पुरेसं खायला मिळालं नाही तर तिची पाळी लांबते, हे मी तिथे शिकले. एकटं अंडं किंवा एकटा गूळ काही करत नाही, सगळ्या खाण्याचा तो हिशेब असतो. हे मावशीला सांगायलाच हवं असं वाटलं. धीर करून एका संध्याकाळी गाडीशी गेले आणि अडखळत सगळं सांगितलं.

मावशीचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं बरोबर चाललंय ना?"

मी गडबडले. म्हटलं, तसं नाही मावशी, नुसती पाळी थांबत नाही. उंची खुंटते, हाडं कच्ची राहतात, अंगात रक्त कमी पडतं.

"बुटकी राहिली तर राहू दे," ती म्हणाली. "दहावी झाली पाहिजे."

पुस्तकात तिच्या नणंदेबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

आणि तिचं म्हणणं खरंही झालं. लेक नववीत गेली तरी काही होईना, तेव्हा गावाकडचे कंटाळले. त्या मुलाचं लग्न दुसरीकडे लागलं. त्या संध्याकाळी मावशीने गल्लीतल्या मुलींना बोलावून बोलावून अंडी वाटली. पहिलं अंडं सोलून तिने लेकीच्या हातात ठेवलं. लेकीने एक घास घेतला आणि गटारापाशी जाऊन ओकली. दोन वर्षं ज्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं, ते घशाखाली उतरेना.

दहावीच्या वर्षी ती शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. दवाखान्यात रक्त फारच कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या, दोन वेळचं नीट जेवण सुरू झालं, हळूहळू अंडंही पचू लागलं. दहावी झाली, नंतर पाळीही आली. पण डॉक्टरांनी सांगितलं, उंचीची फार आशा धरू नका. त्या रात्री मावशी आमच्या उंबऱ्यात येऊन बसली. मग आईला म्हणाली, "तिची उंची मी खाल्ली गं."

पुढे नाल्याच्या कामात त्यांची झोपडी गेली आणि त्यांना माहुलला खोली मिळाली. तिथे गाडी लावायला जागा नव्हती. मी एका रविवारी गेले तेव्हा मावशी लेकीला दाराच्या चौकटीला टेकवून उभी करत होती. डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून तिने पेन्सिलीने रेघ ओढली. दर रविवारी ओढायची म्हणे.

लेक आता कॉलेजात जात होती. ती हळूच म्हणाली, "आई, आता नाही गं वाढत मी."

मावशीने पेन्सिल कानामागे खोचली. "थांब ना," ती म्हणाली. "घाई कशाला?"

त्यानंतर वर्षभरात मावशी छातीच्या दुखण्याने गेली. जलदान विधीला आम्ही सगळे गेलो होतो. खोली माणसांनी भरली होती, म्हणून मी दाराशीच उभी राहिले. चौकटीवर एकच रेघ दिसत होती, कोळशाने ओढल्यासारखी जाड आणि काळी. जवळून पाहिलं. त्या सगळ्या रविवारच्या रेघा होत्या, एकावर एक.