मान वळवायची स्टाईल

दादानं माझ्या कानाखाली वाजवली तवा मी सातवीत होते. हदगावजवळचं आमचं गाव, झेडपीच्या शाळेचं ग्राउंड. पोरांच्या मॅचला एक गडी कमी पडला म्हून मला घेतलं. दादा म्हंजे सरपंचाचा पोरगा, मिसरूड फुटलेला. मी त्याच्या दोन्ही पायांमधून बॉल काढला अन् गोल मारला. पोरं हसली. बस्स, एवढंच झालं.

"भीमनगरातल्या पोरीनं माझ्या पायातून बॉल काढायचा?" म्हणला अन् हाणली. पडले तर डोक्यात लाथ घातली. वर म्हणला, "परत ग्राउंडवर दिसली तर दुसरा कान बी फोडीन."

कानातून रक्त आलं. बाप सरपंचाच्या दारात गेला अन् हात जोडून माघारी आला. माय त्यांच्याच रानात सोयाबीन काढायला जायची. तोंड उघडलं असतं तर तिचं काम गेलं असतं. डावा कान गेला तो गेलाच.

आता मी एका क्लबकडून फॉरवर्डला खेळते. पगारी. डावीकडचं ऐकू येत न्हाई, म्हून गोल झाला की मान वळवून उजवा कान संगतीच्या पोरींकडं करते. कुणीतरी त्याची रील केली. लोकांना वाटलं, काय ॲटिट्यूड हाय पोरीचा! नांदेडपासून लातूरपर्यंत पोरं तशी मान वळवून व्हिडिओ टाकायला लागली. मला हसू यायचं, राग बी यायचा. खरं कुणालाच सांगितलं न्हाई.

यंदा गावानं सत्काराला बोलावलं. त्याच ग्राउंडवर मांडव. बॅनरवर 'गावची लेक', अन् माझ्यापेक्षा दादाचा फोटो मोठा. आता सरपंच तोच हाय. त्यानं शाल घातली, नारळ दिला, मोबाईलवर लाइव्ह लावलं अन् मला खेटून उभा राहिला. "चल, तुझी स्टाईल करू दोघं मिळून," म्हणला. अन् मान वळवली.

माझा कान फोडणारा माणूस माझ्या बहिऱ्या कानाची नक्कल करत होता, अन् लोक शिट्ट्या मारत होते. तळपायाची आग मस्तकात गेली. मी माईक घेतला.

"ही स्टाईल न्हाई. हा कान बहिरा हाय. ह्यानं फोडला. ह्याच ग्राउंडवर."

त्यानं माईक हिसकला, हात उगारला. मी मनगट धरून पिरगाळलं. खाली बसला, बोंबलला. त्याच्या मागं फिरणाऱ्या पोरांनी खुर्च्या फेकल्या, एक माझ्या कपाळावर बसली. लाइव्ह चालूच होतं. बंद करायचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई.

कालपर्यंत 'आमची वाघीण' लिहिणारे आता माझी जात काढून राहिलेत. मायला रानातून हाकललं. क्लबच्या मॅनेजरचा फोन आला, माफीचा व्हिडिओ टाक, फॉलोअर चाललेत. गेले तर जाऊ देत, म्हणलं मी. कपाळाला टाके घेऊन ठाण्यात गेले अन् फिर्याद देऊन आले.

माफी मागणार न्हाई. दुसरा कान फोडीन म्हणला होता ना? तो शाबूत हाय. दर गोलला तोच पुढं करीन, डाव्यावर बोट ठेवीन, अन् कॅमेऱ्यात बघून दादाचं नाव घेईन.