दिवाळीपर्यंतची गादी

वकिली सुटली, पण किस्से सुटत न्हाईत! नवे वकील चहाला आले की हटकून विचारतात, "काका, सीनियरला सोडून स्वतःचं ऑफिस काढावं का?" सल्ला मी देत नाही. एक किस्सा सांगतो, त्याचा पदर धरून दुसरा येतो आणि घरातलं दूध संपतं.

*

निजामाचं राज्य होतं. हिंगोलीच्या कोर्टात सगळा कारभार उर्दूत, पक्षकाराला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. माझे सीनियर, त्यांना सगळे 'बडे साहेब' म्हणायचे, असे बोलायचे की मुन्सिफसाहेब लेखणी खाली ठेवून ऐकत बसायचे.

"साहेब, स्वतःचं ऑफिस काढावं म्हणतो," मी एकदाचं सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत. हसले! तेच झोंबलं. माझ्या बसायच्या गादी-लोडाकडे बोट करून म्हणाले, "काढ बाबा. दिवाळीपर्यंत परत येशील. गादी रिकामी ठेवतो!"

*

ऑफिस कसलं, कोर्टासमोरच्या कडुलिंबाखाली एक बाज! पहिला पक्षकार जवळा बाजारचा मारोतराव. त्यानं मान वर करून लिंब न्याहाळला.

"छप्पर झकास हाये. गळलं तरी पानंच गळतील!"

सुनावणी झाली आणि बाहेर येताच त्यानं विचारलं, "वकीलसाहेब, आत माझ्याबद्दल काय बोलले तुमी?"

बड्या साहेबांकडे या प्रश्नाला ठरलेलं उत्तर होतं, "तुला काय करायचंय?" तेच माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्याचा चेहरा बघितला आणि त्याला बाजेवर बसवलं. अख्खी सुनावणी मराठीत करून दाखवली, समोरच्या वकिलाच्या खोकल्यासकट!

मारोतराव खुलला. "आता हारलो तरी तकलीफ न्हाई. भांडण माझं, अन् मला आज भेटलं!"

*

मग काय, दर सुनावणीनंतर लिंबाखाली गर्दी. एकदा मागे आखाडा बाळापूरचे करीमभाई बसलेले. माझ्याच खटल्यातली विरुद्ध पार्टी!

"भाई, तुमचे वकील वेगळे."

"हौ, पन वो घर गये ना! और कोर्ट की भारी उर्दू अपने पल्ले नै पडती. मेरा वकील क्या बोला, वो तो बताओ!"

मी सांगितलं. माझे मुद्दे त्या वकिलानं कसे खोडले, तेही सांगितलं.

पुढच्या खटल्यात करीमभाईंनी वकील म्हणून मलाच उभं केलं. म्हणाले, "दुश्मन की बात इत्ती सच्ची बोले, तो मेरी कैसी बोलेंगे!"

*

घरी मात्र धाकधूक. दसरा झाला तशी बायको रोज विचारायची, "आज कोणी आलं व्हतं का?"

"बाज पुरली न्हाई!"

"त्यातले खटलेवाले किती अन् ऐकणारे किती? वकिली हाये का तमाशाचा फड?"

मी वरवर हसलो. मान खाली घालून त्या गादीवर पुन्हा बसायचं, या विचारानं जेवण जात नव्हतं.

*

दिवाळी तोंडावर आली. बड्या साहेबांनी कळमनुरीकडच्या गणपतरावाचा मोठा खटला जिंकला. गणपतराव कोर्टातून तडक लिंबाखाली आला.

"सगळे म्हणून राहिले, जिंकलो. पन कसा जिंकलो, ते सांगा की!"

ती सुनावणी मी मागे बसून ऐकली होती. उभा राहिलो, साहेबांसारखी शेरवानीची गुंडी चाचपली. लोक हसले, आणि एकदम उठून उभे राहिले. मागे खुद्द बडे साहेब!

गुंडीवरचा हात मी झटकन खाली घेतला.

"थांबलास काहून?" ते म्हणाले. "खरा मुद्दा तर पुढंच हाये!"

मी शेवटपर्यंत सांगितलं. गणपतरावानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "साहेब, माझ्यासाठी एवढं बोलले तुमी? अन् मला म्हाईतच न्हाई!"

साहेबांनी चष्मा पुसला आणि ते निघून गेले.

धनत्रयोदशीच्या सकाळी लिंबाखाली बैलगाडी थांबली. आत माझी जुनी गादी, नवीकोरी खोळ चढवलेली!

मी गाडीवानाला विचारलं, "अन् लोड कुठाय?"

"लोड साहेबांनी ठेवून घेतला. म्हणले, पुढच्या सुनावणीनंतर ऐकायला येईन, तवा मीच घेऊन येतो!"