गाडीची खांदशेकणी

मी हसायला लागलो की थांबत नाही, आणि माझा थोरला भाऊ हसायला सुरुवातच करत नाही. म्हणून घरातला कुठलाही सौदा आम्ही दोघांनी मिळून करावा, असा वहिनीचा नियम आहे. फवारणीची जुनी गाडी बघायला आम्ही नदीपलीकडे तेलंगणात गेलो, तेव्हा मात्र ती स्वतःही आली. मांडीवर तिच्या लग्नात आहेरात आलेले बारा स्टीलचे ग्लास होते, प्रत्येकावर तिच्या मामाचं नाव कोरलेलं.

गाडी घेणं भागच होतं. आदल्या हंगामात भाऊच्या पाठीवरचा पंप गळला, औषधानं सदरा भिजला आणि तो कपाशीतच चक्कर येऊन पडला. तीन दिवस गोंडपिपरीला दवाखान्यात होता. घरी आल्यावर वहिनीनं पंप बंद म्हणून सांगितलं. भाऊनं मान हलवली, पण अट घातली: गाडीनं आपली चार एकर कपाशी नीट फवारली तर ठीक, नाहीतर पंप पुन्हा पाठीवर. तो बोलतो ते करतो.

गाडी उंच होती, बारीक चाकांची, खालून कपाशी सहज निघून जाईल अशी. दोन्ही बाजूंना लांब दांडे आणि त्यांना बारा नोझलं. मालकानं नवाकोरा हिरवा रंग मारून ठेवला होता. मी रंगावरच फिदा झालो. भाऊनं रंगाकडे पाहिलंही नाही. बैलाच्या अंगावरून फिरवावा तसा त्यानं इंजिनवर हात ठेवला आणि ते गरम लागलं. आम्ही यायच्या आधीच मालकानं गाडी चालू करून ठेवली होती, म्हणजे आमच्यासमोर ती पहिल्या झटक्यात सुरू व्हावी. भाऊ बाजेवर बसला आणि इंजिन थंड होईस्तोवर दोन वेळा चहा प्यायला. थंड गाडीही तिसऱ्या झटक्यात सुरू झाली तेव्हा कुठे तो उठला.

मग वहिनीचे ग्लास. टाकीत साधं पाणी भरलं, एकेका नोझलाखाली एकेक ग्लास धरला, घड्याळ लावून एक मिनिट गाडी जागेवरच चालवली. मालकाची बायको, तिच्या जावा, शेजारणी, सगळ्या ग्लास धरून ओळीनं वाकलेल्या! मला हसू आवरेना आणि माझाच ग्लास सांडला, सगळं परत करावं लागलं. दोन ग्लास बाकीच्यांपेक्षा जास्त भरले. जास्त पाणी देणारं नोझल झिजलेलं असतं, हे वहिनीनं मालकाला हातवारे करून असं समजावलं की त्यानं दोन नवी नोझलं मुकाट्यानं काढून दिली. या टाकीत आधी काय काय भरलं असेल कोण जाणे, म्हणून त्या दिवसापासून ते ग्लास गाडीचे झाले. मामाला अजून कोणी सांगितलेलं नाही.

घरी आणल्यावर भाऊचा जीव त्या गाडीतच अडकला. आधीच्या मालकाकडे तिची शेवटची फवारणी धानावर तणनाशकाची झाली होती. त्यातलं थोडंही उरलं तर कपाशी जळते, म्हणून त्यानं टाकी धुण्याच्या सोड्यानं तीनदा धुतली. रोज जाळी काढून साफ करायचा, नळ्या चाचपायचा, ग्रीस द्यायचा. जेवताना गाडीबद्दल बोलायचा. माझा भाऊ, जेवताना, बोलायचा! मला तर आनंदानं नाचावंसं वाटे.

अशात पोळा आला. आमची बैलजोडी विकून दोन वर्षं झाली होती आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊचं तोंड उतरायचं, कारण त्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. जू ओढून दुखलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. या वर्षी मात्र तो वाटीभर हळद-लोणी घेऊन सरळ गाडीकडे गेला. मला ते चोळायला पळसाची पानं आणायला पाठवलं. गाडीचे लांब दांडे म्हणजेच तिचे खांदे, असं त्यानं ठरवलं होतं. मी हसून हसून खाली बसलो, पण पानं आणून दिली आणि एक दांडा स्वतः चोळलाही. भाऊनं सगळं मनापासून केलं. नोझलांनासुद्धा बोटानं लोणी चारलं.

पोळा झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या फवारणीसाठी आम्ही तिघं शेतात पोचलो. औषध घालण्याआधी भाऊनं नियमाप्रमाणे साध्या पाण्यावर गाडी चालवली. बारातल्या चारच नोझलांतून पाणी उडालं. बाकीची गप्प. त्यानं जाळी काढून पाहिली, ती स्वच्छ होती. गाडी बंद केली, खाली उतरला आणि झोपडीकडे निघाला. झोपडीत पंप टांगलेला होता. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं एक नोझल फिरवून काढलं, उजेडात धरलं, वास घेतला. तेवढ्यात भाऊ खांद्याला पंप अडकवून परत आला.

"हळद हाये ही," वहिनी म्हणाली. "काऊन हो, गाडीले जेवू घातलं काय तुमी?"

भाऊ नोझलाकडे पाहत राहिला. मग त्याच्या पोटातून कसलासा आवाज आला, आणि माझा थोरला भाऊ, शेताच्या धुऱ्यावर पंपासकट बसकण मारून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. आम्ही तिघंही हसत सुटलो. शेजारच्या शेतातली माणसं काम सोडून बघायला आली, त्यांना सांगताना पुन्हा हसलो.

मग चुलीवर पाणी तापवलं, सोडा घातला, जुन्या टूथब्रशनं बाराही नोझलं घासली. पुन्हा ग्लास लावले. बाराही सारखे भरले. औषध भरून भाऊ गाडीवर चढला आणि दुपार व्हायच्या आत चार एकर उरकून परतला. तो उतरल्याबरोबर वहिनीनं आधी त्याच्या पाठीवर हात फिरवला. सदरा कोरडा होता. तिनं विळा घेतला आणि पंपाचे पट्टे कापून टाकले. आता त्या पट्ट्यांनी आम्ही गाडीचे मिटलेले दांडे बांधतो.

संध्याकाळी भाऊ आंघोळ करून अंगणात उघडाच बसला होता. त्याच्या दोन्ही खांद्यांवर पंपाच्या पट्ट्यांचे काळे वळ आहेत, वीस वर्षांचे. वहिनी उरलेल्या लोण्याची वाटी घेऊन त्याच्या मागे बसली. वळांवर हळद-लोणी चोळू लागली.

"आज आवतन घ्या," ती म्हणाली, "उद्या जेवाले या."

मी हसायला तोंड उघडलं, पण भाऊनं मान खाली घातली होती आणि तो तिला नीट चोळू देत होता.