काठी पाखरांसाठी, दगड घुबडाला

मंडळी, लय राग आलाय म्हणून लिहायलोय.

आज तांबडं फुटताना पेडगावच्या शेतात आमच्या काकांनी घुबडाला दगड मारला. हरभऱ्यावरच्या अळ्या पाखरांनी खाव्यात म्हणून काकांनीच रोवलेल्या काठीवर ते बसलं होतं!

"अपशकुनी हाय ते, आन् बिनडोक बी," काका म्हणले.

बिनडोक? अंधारात शिकार करतंय, म्हणून त्याच्या मेंदूत ऐकण्याला केवढी जागा हाय! एक कान वर, एक खाली. ढेकळाआड उंदीर कुठं खुडबुडायलाय, ते न बघता कळतं त्याला.

दगड चुकला. पण उडताना घुबडाच्या पंजातला उंदीर खाली पडला. काकांनी तो शेपटीला धरून बांधाबाहेर फेकला आन् म्हणले, "उंदरं लय झालीत औंदा. औषध आणावं लागंल."

मंडळी, औषध उंदरांसाठी आणायचं का आमच्या डोक्यासाठी?